ऑरेंज बाऊलची ट्रिप: ६३-३ आणि आजींची डाळिंबी शाल

आधीच सांगून टाकतो, ऑरेंज बाऊल म्हणजे मायामीत होणारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलची सीझनच्या शेवटची एक मोठी मॅच, आणि तिचा स्कोअर ६३-३. सस्पेन्स वगैरे काही नाही, ज्यांना फक्त मॅचचा निकाल हवाय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. पण आम्ही सहा जण, दोन गाड्या, त्यात एक ७४ वर्षांच्या सासूबाई आणि एक भाचा ज्याची टीम ही अशी हरली, एवढा सगळा लवाजमा घेऊन पाच दिवस फिरलो, तर ते लिहून ठेवतोय.

थोडी पार्श्वभूमी लागेल. आम्ही अटलांटाच्या वरच्या बाजूला जॉन्स क्रीकला राहतो. लेक अथेन्सला युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियात दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्या देशी घरांत हे आता ठरल्यासारखंच झालंय, पोरं शाळेत मार्क काढतात, झेल मिलर स्कॉलरशिप मिळते, लॉटरीच्या पैशातून ट्यूशन फी सुटते आणि आईबाप सुटकेचा श्वास टाकून लाल टीशर्ट विकत घेतात. मेव्हणा टॅम्पाला. त्याचा मुलगा टॅलाहासीला फ्लोरिडा स्टेटमध्ये, म्हणजे एफएसयूत, पहिल्या वर्षाला. तिकडे ब्राइट फ्युचर्स नावाची स्कॉलरशिप, ती पण लॉटरीच्याच पैशातून. म्हणजे एकाच आजीची दोन नातवंडं, दोन राज्यांच्या लॉटऱ्या, दोन टीम. आणि सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर कराडहून आलेल्या, तीन महिने आमच्याकडे, तीन महिने लेकाकडे, अशी वाटणी.

आता भाच्याचं दुःख समजायला १८ नोव्हेंबर २०२३ची रात्र माहीत पाहिजे. दुसऱ्या दिवशी क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, आमच्या इथल्या वेळेनुसार पहाटे साडेतीनला. मेव्हण्याकडचे सगळे आमच्याकडे जमलेले. भाचा पण टॅलाहासीहून पाच तास गाडी मारत आला. त्या दिवशी एफएसयूची घरच्या मैदानावर मॅच होती पण समोर नॉर्थ अलाबामा, लिंबूटिंबू टीम, म्हणून त्याने आपलं तिकीट मित्राला दिलं. संध्याकाळी हा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. ट्रॅव्हिस म्हणजे त्यांचा क्वार्टरबॅक, बॉल टाकणारा, सगळी टीम त्याच्याभोवती फिरायची. मॅच ५८-१३ने जिंकली, तरी पोरगं जेवलं नाही. मग पहाटे उठून आपण सगळ्यांनी ट्रॅव्हिस हेडचे १३७ बघितले. नाव पण तेच, ट्रॅव्हिस. एका रात्रीत दोन ट्रॅव्हिसनी मारलं त्याला. आणि वर हे, की मी मॅचला गेलो नाही म्हणून पाय मोडला. आपल्याकडे जागेवरून हललं की विकेट पडते, तोच प्रकार, तो जन्मला टॅम्पात पण हे रक्तातच असतं बहुतेक.

पुढचं थोडक्यात. ट्रॅव्हिसशिवाय एफएसयू पुढच्या दोन्ही मॅच जिंकली, युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाला २४-१५ आणि कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटाच्या, फायनलला लुईव्हिलला १६-६. तेरापैकी तेरा. तरीही ३ डिसेंबरला प्लेऑफच्या, म्हणजे चार टीममधून देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या फेरीच्या, कमिटीने पहिल्या चारात घेतलं नाही. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा घेतले. अलाबामा एक मॅच हरलेली, एफएसयू शून्य. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचा चॅम्पियन, एकही मॅच न हरलेला, आणि बाहेर, हे चार टीमच्या प्लेऑफमध्ये तोवर कधी झालं नव्हतं. कारण काय, तर ट्रॅव्हिस नसल्यामुळे ही आता वेगळी टीम आहे. म्हणजे एखाद्याने परीक्षा पास केली पण पेपर लिहिताना हात दुखत होता म्हणून नापास. फ्लोरिडात एवढा गोंधळ झाला की राज्याच्या अॅटर्नी जनरलने चौकशी लावली आणि गव्हर्नर डिसँटिसने कोर्टकचेरीसाठी बजेटमध्ये १० लाख डॉलर सुचवले. पोरखेळ नाही हा तिकडे.

आणि आमची जॉर्जिया? दोन वर्षं ओळीने चॅम्पियन, २९ मॅच सलग जिंकलेल्या, पहिला नंबर. २ डिसेंबरला अटलांटातच अलाबामाकडून २७-२४ने हरली आणि थेट सहावी. पाचवी आणि सहावी, दोन्ही रुसलेल्या टीमना मायामीच्या ऑरेंज बाऊलमध्ये समोरासमोर उभं केलं. लग्नात मानपानावरून रुसलेल्या दोन व्याह्यांना एकाच पंगतीत बसवतात तसं.

दिवस पहिला, गुरुवार २८ डिसेंबर

सकाळी सहाला निघायचं ठरलं आणि पावणेआठला निघालो, यात नवीन काही नाही. धपाटे, लसणाची चटणी, दही, दोन डबे चिवडा. बायको म्हणाली रस्त्यात सगळं मिळतं, सासूबाई म्हणाल्या मिळतं पण खाण्यासारखं मिळतं का. आय-७५ धरून सरळ खाली. अटलांटाच्या ट्रॅफिकमधून सुटेपर्यंत तास गेला. मेकनच्या पुढे बकीजला थांबलो, ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, तो पेट्रोल पंप आहे की मॉल ते कळत नाही, शंभराच्या वर पंप आणि आत बाथरूम एवढे स्वच्छ की सासूबाई दोनदा जाऊन आल्या. पार्किंगमध्ये बघावं तिकडे जॉर्जियाचे लाल झेंडे लावलेल्या गाड्या, सगळी वरात मायामीलाच निघालेली. एका काकांनी आमच्या गाडीवरचा 'जी' बघून खिडकीतून तोंड काढलं आणि कुत्र्यासारखं भुंकले. सासूबाई दचकल्या. लेकीने समजावलं की आजी, बुलडॉग आहे ना आमचा, म्हणून आम्ही एकमेकांना बघून भुंकतो. त्यावर त्या म्हणाल्या, फी भरून शिकवतात का हे?

दक्षिण जॉर्जियात बघण्यासारखं विशेष नाही, पेकानच्या बागा, कापसाची मोकळी शेतं आणि देवाची आठवण करून देणाऱ्या पाट्या. व्हॅल्डोस्टा संपलं की फ्लोरिडाचं वेलकम सेंटर येतं. तिथे संत्र्याचा ज्यूस फुकट देतात, छोट्या कागदी कपात. ऑरेंज बाऊलला चाललोय तर सुरुवात संत्र्यानेच. त्या बाऊलची गोष्ट पण संत्र्याचीच आहे, मंदीच्या काळात मायामीकडे टुरिस्ट खेचायला म्हणून १९३५च्या १ जानेवारीला पहिली मॅच झाली, बकनेलने मायामी युनिव्हर्सिटीला २६-० हरवलं. म्हणजे पाया घालतानाच एकतर्फी. बाऊल म्हणजे आधी नुसतं वाडग्यासारखं स्टेडियम, मग त्यातली मॅच पण बाऊल झाली, आता तर चिप्सपासून बँकेपर्यंत सगळ्यांच्या नावाचे बाऊल असतात, चाळीसच्या वर, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत रोज कुठे ना कुठे.

गेन्सव्हिलच्या आसपास पाऊण तास अडकलो. रात्री टॅम्पाला मेव्हण्याकडे. वहिनींना ड्युटी होती, त्या मायामीला येणार नव्हत्या, पण जाता जाता पिठलं-भात करून ठेवलेला. भाचा खोलीतून बाहेर आला तो एफएसयूच्या गार्नेट रंगाचा हूडी घालून. लेकीने त्याला बघून काही बोलायच्या आत माझ्या बायकोने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्पच बसली.

दिवस दुसरा, शुक्रवार २९ डिसेंबर

टॅम्पा ते मायामी साधारण साडेचार तास, पण यातला नेपल्सच्या पुढचा तुकडा, ज्याला ॲलिगेटर ॲली म्हणतात, तो या ट्रिपमधला सगळ्यात भारी रस्ता. एव्हरग्लेड्समधून सरळ रेघ मारल्यासारखा हायवे, दोन्ही बाजूला गवत, पाणी, मधूनच पांढरे बगळे, आणि कडेने तारेचं उंच कुंपण, कारण फ्लोरिडा पँथर आता थोडेच उरलेत आणि ते गाड्यांखाली मरायचे. प्राण्यांना जायला हायवेखालून वाटा केल्यात. मगर दिसली का? दिसली, कालव्याच्या काठावर, टायरचा तुकडा पडावा तशी. सासूबाईंनी ती बघितली आणि कृष्णेच्या मगरींच्या गोष्टी सुरू केल्या त्या फोर्ट लॉडरडेलपर्यंत.

मी मुद्दाम भाच्याला आमच्या गाडीत घेतलेलं आणि लेकीला मामाच्या. वाटलं बोलेल जरा. बोलला, पण वेगळंच. फोनवर लिस्ट उघडून वाचत होता, कोण कोण उद्या खेळणार नाही त्याची. कीऑन कोलमन नाही. जॉनी विल्सन नाही. ट्रे बेन्सन नाही. जॅरेड व्हर्स नाही. दोन नंबरचा क्वार्टरबॅक रोडमेकर, तो पण नाही. दोन डझनाच्या वर पोरं, कुणी एनएफएलच्या, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या, ड्राफ्टसाठी (तिथे टीम नवी पोरं निवडतात), कुणी दुसऱ्या कॉलेजात जायला ट्रान्सफर पोर्टलमध्ये, कुणी जखमी. क्वार्टरबॅक कोण मग? ब्रॉक ग्लेन. पहिल्या वर्षाचा. "काका, तो माझ्याएवढा आहे," म्हणाला. माझ्या डोक्यात आलं की याला अजून गॅरेजमधून गाडी रिव्हर्स काढता येत नाही नीट.

मी आपलं मोठ्या माणसासारखं बोललो, अरे पण ही पोरं आपल्या टीमला सोडून कशी जातात, आमच्या वेळी वगैरे. तर त्याने मला जेक बटची गोष्ट सांगितली. मिशिगनचा टाइट एंड, म्हणजे बॉल पकडणारा एक गडी, २०१६चा ऑरेंज बाऊल, हेच स्टेडियम, हीच तारीख ३० डिसेंबर, समोर एफएसयूच. त्या मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. चांगल्या पैशात वर उचलला जाईल असं सगळे म्हणायचे, तो ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडला गेला. एफएसयू ती मॅच ३३-३२ जिंकली आणि भाचा तेव्हा शाळेत होता, नाचला होता घरभर. "आम्ही जिंकलो आणि त्याचं करिअर गेलं," म्हणे. मग गप्प. मला वाटतं त्या पोरांना नावं ठेवणारे आपण कोण. ज्या कमिटीने सांगितलं की तुम्ही तेराच्या तेरा जिंकलात तरी उपयोग नाही, तिने सांगितल्यावर चौदाव्या मॅचसाठी गुडघा कोण पणाला लावेल.

हॉटेल मिरामारच्या बाजूला, स्टेडियमपासून पंधरा मिनिटं. नाव घेत नाही पण खोलीतला एसी बंदच होईना, रात्रभर थंडीत, तीन फोन केले तेव्हा एक पोरगा वर येऊन 'हां, हे असंच आहे' म्हणून गेला. सासूबाईंनी बॅगेतून शाल काढली. डाळिंबी रंगाची, बारीक सोनेरी काठाची. भाच्याने बघितलं मात्र, "आजी! गार्नेट अँड गोल्ड!" एफएसयूचे रंग हेच, डाळिंबी आणि सोनेरी. लेक म्हणाली हे चीटिंग आहे, आजी न्यूट्रल राहणार होती. आजी म्हणाल्या शाल तुझ्या पणजीची आहे, तिला दोन्ही टीम माहीत नव्हत्या.

दिवस तिसरा, शनिवार ३० डिसेंबर

मॅच दुपारी चारला. आम्ही अकरालाच पार्किंगमध्ये, कारण खरी मजा टेलगेटिंगची. हार्ड रॉक स्टेडियमचं पार्किंग म्हणजे मोठं मैदानच, त्यातूनच फॉर्म्युला वनचा ट्रॅक जातो, त्यामुळे डांबर एकदम मऊशार. गाड्यांच्या डिक्या उघड्या, शेगड्या पेटलेल्या, कुणी अख्खं डुक्कर भाजतंय, कुणी टीव्ही लावलाय. दोन्ही रंग शेजारी शेजारी पण भांडण नाही. शेजारच्या जॉर्जियावाल्या जोडप्याला बायकोने धपाटे दिले, त्यांनी आम्हाला उकडलेल्या शेंगा दिल्या, दक्षिणेत मिठात उकडून खातात, आपल्यासारख्याच. सासूबाईंना अख्ख्या अमेरिकेत पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं खाल्ल्यासारखं वाटलं. शाल पांघरूनच बसलेल्या, त्यामुळे येता-जाता एफएसयूवाले त्यांना हात वर करून टाळ्या द्यायचे आणि त्या पण द्यायच्या, कुणाला नाही म्हणायचं नाही हा त्यांचा स्वभाव.

गेटवर आमची फजिती. आत फक्त पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चालते हे मला माहीत होतं, दरवर्षी लेकीच्या मॅचला जातो तरी, बायकोची पर्स आणि सासूबाईंची औषधांची पिशवी दोन्ही तशाच घेऊन गेलो. चूक पूर्ण माझी, मीच म्हणालेलो बघतोय कोण. परत गाडीपर्यंत जाऊन येऊन पंचवीस मिनिटं. तोवर बायको काही बोलली नाही, म्हणजे किती चिडली असेल विचार करा.

तिकिटांचं पण सांगतो. भाच्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रागाच्या भरात घेतलेलं तिकीट आणि आम्ही ख्रिसमसनंतर घेतलेली पाच तिकिटं, जागा साधारण तीच, आमचं त्याच्या अर्ध्याहून कमी पैशात. जसजशी पोरं माघार घेत गेली तसतसा भाव पडत गेला. त्याचं तिकीट खालच्या बाजूला होतं, शेजारच्याशी बदलून आम्ही सगळे एका ओळीत आलो. एका टोकाला लेक, दुसऱ्या टोकाला भाचा, मध्ये आजी.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर परत चार प्रयत्न, शेवटी रेषेपार गेलात तर टचडाऊन, त्याचे सहा आणि वरची एक किक बसली की सात. नाही जमलं तर लांबून पोलमधून किक, त्याचे तीन. बाकी सगळं जाहिराती.

सुरुवात जॉर्जियाच्या टचडाऊनने झाली, केंडल मिल्टन नावाचा गडी बॉल घेऊन असा आत घुसला की जणू लोकलच्या दारातून. एफएसयूने मग एक ड्राइव्ह, म्हणजे सलग चाल, बरी काढली आणि तीन पॉइंट घेतले. भाचा उभा राहिला, हाताने तो टॉमहॉकचा, म्हणजे कुऱ्हाडीचा, इशारा, त्यांचा बँड वॉर चँट वाजवतोय, हजारो हात वरखाली. अटलांटात बेसबॉलला आम्ही हेच बघतो त्यामुळे सासूबाईंना ते येतं, त्यांनी पण हात हलवला. मेव्हण्याने फोटो काढला. तो फोटो आता घरच्या ग्रुपवर पिन केलाय. कारण एफएसयूचे तेवढेच तीन पॉइंट होते दिवसभरात.

दुसऱ्या क्वार्टरचं काय लिहू. श्रीलंका वानखेडेवर ५५ला गुंडाळली गेली तेव्हा आपण कसे बघत होतो, पहिल्या तीन विकेटला ओरडलो, पाचव्याला हसलो, सातव्यानंतर चहा करायला उठलो. तसं. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक मागे आरामात उभा राहून बॉल टाकतोय, त्याच्याजवळ कुणी पोचतच नाही. लाल टीशर्टवाले आधी दर टचडाऊनला भुंकत होते, पाचव्यानंतर भुंकणं कमी झालं, एकमेकांकडे बघून खांदे उडवायला लागले. हाफटाइम ४२-३.

मी ब्रॉक ग्लेनला बघत होतो. दुर्बीण होती लेकीची, ती घेतली. प्रत्येक वेळी पाडल्यावर तो उठायचा आणि हेल्मेटच्या जाळीत अडकलेलं गवत दोन बोटांनी काढायचा, शांतपणे, जसं शर्टावरचं केस काढावं, मग परत उभा. बाजूला कोच नॉर्वेल टाळ्या वाजवून सांगतोय चला चला. चार आठवड्यांपूर्वी हेच पोरगं कॉन्फरन्सची फायनल खेळून जिंकलेलं.

सासूबाईंनी विचारलं, "आता किती राहिलंय?" म्हटलं अर्धं. "अजून अर्धं? मग आवरा म्हणावं की. कळलं ना सगळ्यांना."

मेव्हण्याला अशा गोष्टी फार माहीत. तो म्हणाला आई, पहिल्या बाऊलला असंच झालेलं. १९०२, पॅसाडीना, मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं की आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डवाल्यांनीच बास म्हटलं आणि निघाले. लोकांना फुटबॉलचा एवढा कंटाळा आला की पुढची काही वर्षं तिथे रथांच्या शर्यती लावल्या, फुटबॉल परत आलं ते १९१६ला. आजी म्हणाल्या रथच बरे होते.

पण आता थांबवता येत नाही ना. टीव्हीचे तास विकलेले असतात, जाहिराती विकलेल्या असतात. दुसऱ्या हाफला जॉर्जियाने बेकला बसवलं, गनर स्टॉकटन आला, मग तिसऱ्या चौथ्या फळीतली पोरं. गंमत अशी की ती पोरं वर्षभर वाट बघून बसलेली, त्यांना पण कॅमेऱ्यासमोर काहीतरी करून दाखवायचंय, ती काय मुद्दाम हळू पळणार? त्यामुळे स्कोअर चढतच राहिला. ४९, ५६, ६३. नऊ टचडाऊन, नऊच्या नऊ किक बरोबर. आमच्या लाल रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने शेवटच्या टचडाऊनला टाळ्या वाजवायला हात उचलले आणि भाच्याकडे बघून खाली ठेवले. मला ते दिसलं. त्याला पण दिसलं असावं, कारण त्याने मान फिरवली.

तिसऱ्या क्वार्टरनंतर एफएसयूच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या, नुसत्या निळसर खुर्च्या. मी म्हटलं निघूया का, ट्रॅफिक टळेल. भाचा म्हणाला तुम्ही जा, मी शेवटपर्यंत बसणार. म्हणजे १८ नोव्हेंबरचं प्रायश्चित्त चालू होतं. मग कोण कसं उठणार. लेकीने तेव्हा एक गोष्ट केली, उठून त्या टोकाला गेली, त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची पकडली आणि दोघं फोनवर कसलेतरी कुत्र्यांचे व्हिडिओ बघत बसले, समोर तिची टीम इतिहास घडवत असताना.

इतिहास खराच. ६० पॉइंटचा फरक, बाऊलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. आधीचा रेकॉर्ड ५८चा, तो पण जॉर्जियाचाच, ९ जानेवारीला फायनलला टीसीयूला ६५-७. म्हणजे एकाच कॅलेंडर वर्षात, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या शेवटाला, दोनदा. ऑरेंज बाऊलपुरतं म्हणाल तर १९५३ला अलाबामाने सिराक्यूजला ६१-६ हाणलेलं, ते सत्तर वर्षं टिकलेलं. मॅचनंतर जॉर्जियाचा कोच कर्बी स्मार्ट स्वतःच म्हणाला की हे काय झालं ते लोकांनी बघावं आणि दुरुस्त करावं. जिंकलेला कोच असं बोलतो म्हणजे बघा. ट्रॉफी म्हणजे संत्र्यांनी भरलेलं भांडं. आम्ही बघायला थांबलो नाही.

बाहेर पडताना कोपऱ्यातल्या त्या गोल गोल रॅम्पवरून सगळी गर्दी एकत्र उतरते, लाल आणि डाळिंबी मिसळून. वरून कुणीतरी भुंकलं, खालून कुणी उत्तर दिलं नाही. सासूबाईंचा हात भाच्याने धरलेला. पार्किंगमधून बाहेर पडायला दीड तास.

रात्री जेवताना मेव्हण्याने विषय काढला की पुढच्या वर्षापासून बारा टीमचा प्लेऑफ आहे, मग असं होणार नाही. भाचा म्हणाला, "बाबा, प्लीज." वरण-भाताचा फोटो काढून वहिनींना पाठवला, बास.

दिवस चौथा, रविवार ३१ डिसेंबर

उशिरा उठलो. समुद्रावर जायचं होतं पण साउथ बीचला पार्किंगच मिळेना, ४० मिनिटं फिरून सोडून दिलं. मग लिटल हवाना. काये ओचो म्हणजे आठवी गल्ली, क्यूबन लोकांची. तिथे खिडकीतून कॉफी देतात, व्हर्साय नावाचं १९७१ पासूनचं हॉटेल आहे त्याची खिडकी प्रसिद्ध. कोलादा मागितली की एक मोठा कप आणि बरोबर इवले इवले प्लास्टिकचे कप येतात, सगळ्यांनी वाटून घ्यायची. म्हणजे कटिंगच. एवढी गोड आणि एवढी कडक की सासूबाई म्हणाल्या, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा जाग आली.

पुढे डॉमिनो पार्क. म्हातारे पुरुष पत्र्याखाली बसून डॉमिनोचे ठोकळे आपटतायत, भांडतायत, एकजण उठून गेला, दोन मिनिटांनी परत आला. आजी अर्धा तास तिथेच. पारावरचे पत्ते आठवले असणार. तिथून आठ-दहा मिनिटांवर जुनं ऑरेंज बाऊल स्टेडियम होतं, २००८ला पाडलं, आता त्या जागेवर बेसबॉलचं पांढरं शुभ्र स्टेडियम आहे. भाच्याला ते बघायचं होतं. बघण्यासारखं काही नाही, बंद गेट. त्याने तरी फोटो काढला. मेव्हणा म्हणाला आमच्या वेळी एफएसयू आणि मायामीच्या मॅच एक वर्ष इथे, एक वर्ष टॅलाहासीला व्हायच्या, शेवटची किक हमखास हुकायची, 'वाइड राइट' म्हणून दंतकथाच आहे ती, १९९१ला टॅलाहासीतच एका पॉइंटने हरले, १७-१६. भाचा पहिल्यांदा हसला. म्हणाला, "एका पॉइंटने हरलो तर मी आता खूश होईन."

रात्री हॉटेलच्या बाल्कनीतून लांबवरचे फटाके. बाराला सगळ्यांनी सगळ्यांना हॅपी न्यू इयर केलं, इंडियात केव्हाच उजाडलेलं.

दिवस पाचवा, सोमवार १ जानेवारी

सकाळी दहाला निघालो. मेव्हणा आणि भाचा टॅम्पाकडे, आम्ही टर्नपाइकने वर अटलांटाकडे. सासूबाईंचे टॅम्पाचे तीन महिने फेब्रुवारीत सुरू होणार, म्हणून त्या आमच्या गाडीत. निघताना त्यांनी शाल काढून भाच्याच्या हातात दिली, असू दे तुझ्याकडे, थंडी असते म्हणाल्या. टॅम्पात कसली थंडी.

सगळा हायवे घरी परतणारा, ऑर्लँडोच्या पुढे चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. पाचला रोज बाऊल सुरू झाला, मिशिगन आणि अलाबामा, म्हणजे ज्यात भाच्याची टीम असायला हवी होती ती मॅच. लेकीने रेडिओ लावला. अलाबामा आमची पण दुश्मन, त्यांनीच आम्हाला हरवून हे सगळं सुरू केलं. व्हॅल्डोस्टा गेलं, टिफ्टन गेलं, मॅच २०-२० आणि ओव्हरटाइम. मी स्पीड कमी केला, उगाच. मिशिगनचा टचडाऊन. मग अलाबामाचा शेवटचा प्रयत्न, तीन यार्ड हवेत, मिलरो मधूनच घुसला आणि तिथेच दाबला गेला. २७-२०. लेकीने डॅशबोर्डवर हात आपटला. तेवढ्यात फोन वाजला, भाच्याचा मेसेज, शब्द एकही नाही, नुसता फोटो. डाळिंबी शाल डोक्यावरून घेतलेला तो स्वतः, टॅम्पाच्या सोफ्यावर.

गडबडीने मागे सासूबाईंना जाग आली.

"काय झालं? कोण हरलं?"

"अलाबामा, आजी."

"ते कोण?"

"ज्यांना त्याच्या टीमची जागा दिली ना, ते."

"मग बरं झालं," म्हणाल्या आणि मान टेकवून परत झोपल्या.